घाटातली गाडी आणि टर्बोची नळी



इतिहास म्हटला की आपल्याला रतनगड आठवतो, राघोजी भांगरे आठवतात. ते योग्यच आहे. परंतु ज्या वस्तूंवर कष्टकऱ्याची भाकरी अवलंबून असते, त्या वस्तूंनाही इतिहास असतो. आज मी अशाच एका वस्तूविषयी, मोटारीच्या इंजिनाला हवा पोचवणाऱ्या नळीविषयी, बोलणार आहे.

१ जून १९४८ रोजी आपल्या जिल्ह्यातून, अहमदनगरहून पुण्याला, पहिली एस.टी. धावली. त्या बेडफर्ड गाडीचे इंजिन हवा आपल्या आपण ओढून घेई. अशा नळीला उष्णतेचा जाच थोडा; साधे रबर पुरत असे. तेही रबर सहज मिळालेले नव्हते. कच्चे रबर उन्हात चिकट होई व थंडीत तडके. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक व उष्णता यांचा उपाय सापडला, तेव्हा ते कामाचे झाले.

पुढे इंजिन बदलले. आल्फ्रेड ब्यूची या स्विस इंजिनिअरने १९०५ सालीच टर्बोचे पेटंट घेतले होते. सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवायचे आणि त्याच जोरावर इंजिनात हवा कोंबायची, ही त्याची कल्पना. ती आपल्या घाटांत पोचायला फार वर्षे लागली. डिझेल नीट जळावे, धूर कमी व्हावा, म्हणून नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-चार व १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा ही मानके देशभर नव्या गाड्यांना लागू झाली. आता बहुतेक डिझेल मालगाड्यांना टर्बो असतो.

सायकलीच्या पंपाचे तोंड भरताना गरम होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. टर्बोतही तेच घडते. दाबलेली हवा १५० अंशांच्याही वर तापू शकते. नैसर्गिक रबर ७०-८० अंशांच्या पलीकडे फार काळ टिकत नाही. येथे सिलिकोन उपयोगी पडते. इंग्लंडातील नॉटिंगहॅमचे प्राध्यापक फ्रेडरिक किपिंग यांनी या संयुगांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यातून व्यवहारात काही निघेल अशी त्यांना स्वतःला आशा नव्हती. १९४३ साली, महायुद्धाच्या काळात, अमेरिकेत त्याचा कारखाना निघाला. रबराची साखळी कार्बनची, तर सिलिकोनची सिलिकॉन व ऑक्सिजनची. ही जोडणी उष्णतेला अधिक दाद देत नाही, म्हणून सिलिकोनची चांगली नळी १८० अंशांच्या आसपासही वर्षानुवर्षे काम देते.

आता हा इतिहास तुम्हांला का सांगतो, ते ऐका. २०१८ साली भाताची पोती घेऊन निघालेली एक गाडी विठे घाटात बसली. फट्‌ असा आवाज झाला, काळा धूर निघाला, जोर गेला. मालकाने ठरवून टाकले की चालकाने गाडी ताणली, आणि खर्च पगारातून कापण्याचे फर्मान काढले. चालक आमच्या युनियनकडे आला. आम्ही फुटलेली नळी मागून घेतली आणि जाणत्या मेस्त्रीला दाखवली. टर्बोच्या गरम बाजूला रेडिएटरची साधी रबरी नळी बसवलेली होती! ती आतून तेलाने फुगली होती आणि क्लिपेजवळ उभी फाटली होती. चारशे-पाचशे रुपये वाचवणारा हात एकाचा, दंड भरणारा खिसा दुसऱ्याचा. नळी टेबलावर ठेवल्यावर कपात मागे घेतली गेली.

तेव्हा नळी निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, ती हवा ओढणारी आहे की दाबाची? ओढणारी नळी आत पिचकू नये म्हणून तिला तारेचा आधार हवा. दाबाच्या नळीला आत कापडाचे तीन-चार थर हवेत, आणि उष्णता फार असेल तर ते ॲरामिड धाग्याचे हवेत. दुसरी, टर्बोतून तेलाचा अंश येतो आणि साध्या सिलिकोनला तेल मानवत नाही. म्हणून आतून फ्लोरोसिलिकोनचे अस्तर असावे. तिसरी, माप व वळण मूळ नळीप्रमाणेच असावे. सरळ नळी ओढूनताणून वाकवू नये. चौथी, चिरा असलेली क्लिप मऊ सिलिकोन कापते. तेथे सपाट पट्टीची क्लिप लावावी. झगझगीत निळा रंग पाहून फसू नये. रंग कोणत्याही मालाला देता येतो.

पाचवी गोष्ट मात्र कोणत्याही तक्त्यात लिहिलेली नसते. खरेदीचा कागद भरण्यापूर्वी, घाट चढणाऱ्या चालकाला आणि गाडीखाली झोपणाऱ्या मेस्त्रीला विचारावे. किपिंगपासून कारखान्यापर्यंत अनेकांच्या श्रमांनी हे ज्ञान आपल्या दारी आले आहे. ते फक्त मालकाच्या कपाटात राहिले, तर फुटलेल्या प्रत्येक नळीचा दोष चालकाच्याच माथी बसेल. म्हणून मित्रहो, गाडीत काही फुटले तर तो तुकडा फेकून देऊ नका. जपून ठेवा. उद्या तोच तुमची साक्ष देईल.