राजपूत व्यक्तिचित्रे आणि दरबारी वेष

भूमच्या शेजारचा परंडा किल्ला इ. स. १६३४ मध्ये मोगल फौजेने वेढला होता. पण तो हाती न लागता वेढा उठवावा लागला. त्या फौजेत राजपूत सरदारही होते. हे सरदार दिसत कसे, त्यांचा पेहराव कोणता, हे तवारिखांपेक्षा त्यांची व्यक्तिचित्रेच अधिक नेमकेपणाने सांगतात.

त्याआधीच्या पश्चिम भारतीय जैन पोथ्यांत व्यक्तिचित्र असे नाहीच. कल्पसूत्रातील राजा काय, सेवक काय, चेहरा एकाच साच्याचा. दुसरा डोळा गालाबाहेर आलेला. ओळख पटते ती मुकुटावरून, आसनावरून व वस्त्रावरून. हा साचा मागे पडलेला दिसतो तो इ. स. १६१० च्या विज्ञप्तिपत्रात. आग्र्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरींना पाठविलेल्या या पटावर जहांगीराचा दरबार उस्ताद शालिवाहनाने रंगविला आहे. पर्युषणातील जीवहत्याबंदीच्या फर्मानाचा तो प्रसंग. चित्रकाराने जे पाहिले तेच रेखाटले, असे पत्रातच नमूद आहे. जामा-पटका ल्यालेल्या दरबाऱ्यांत कछवाह राजा रामदास आहे, आणि त्याच गर्दीत पांढऱ्या, न शिवलेल्या वस्त्रांतील मुनी. दरबारी वेषाचा थाट या साध्या वस्त्रांशेजारी जितका उठून दिसतो, तितका स्वतंत्र चित्रांतही दिसत नाही.

राजपूत व्यक्तिचित्र बहुधा एका बाजूने, एकच डोळा दिसेल असे काढीत. अंगात जामा, कमरेला जरीचा पटका, त्यात कट्यार, डोक्यावर घट्ट बांधलेली पगडी. जाम्याचा बंद हिंदू सरदार बहुधा डाव्या बगलेत बांधीत, मुसलमान उजव्या. नाव नसलेल्या चित्रात अभ्यासक प्रथम हीच गाठ पाहतात.

या कलेचा आपल्या भूमीशीही संबंध आला. बिकानेरचे राजे मोगलांच्या चाकरीत दीर्घकाळ दक्षिणेत राहिले. राजा कर्णसिंह इ. स. १६६९ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात वारला; तेथील कर्णपुरा हे नाव त्याचेच. पुत्र अनूपसिंह इ. स. १६९८ मध्ये अदोनीस निवर्तला. अनूपसिंहाचा चित्रकार रुक्नुद्दीन होता. दक्षिणी चित्रांतील मृदू रंग व सोन्याचा वापर याच काळात बिकानेरच्या कलमात मुरला.

मात्र या चित्रांवर डोळे झाकून विसंबता येत नाही. मूळ रेखाटनावर पातळ कातडी किंवा कागद ठेवून रेषा उतरवीत, रेषांवर टाचणीने छिद्रे पाडीत आणि कोळशाची पूड चाळून तीच आकृती पुन्हा नव्या कागदावर उठवीत. याला खाका म्हणत. एकच चेहरा असा पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाई, कपडे मात्र नव्या चालीचे चढत. त्यामुळे मुद्रा आजोबांची आणि पगडी नातवाच्या काळची, असे चित्र आढळले तर नवल नाही. अशा वेळी पेहरावावरून कळतो तो चित्र काढल्याचा काळ, राजाचा नव्हे.