गणिताची पूर्वतयारी आणि भाषा

रेडीसारख्या गावातील मराठी शाळेतून विज्ञानशाखेत जाणाऱ्या विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुटीत करावयाची गणिताची पूर्वतयारी प्रायः भाषेचीच असते. 'छेद', 'वर्गमूळ' ही परिचित पदे तेथे एकाएकी इंग्रजी होतात, आणि शब्द अडला की मुलगा गणितात कच्चा ठरतो. हा निर्णय अन्यायाचा होय.

ही फारकत जुनी आहे. पंतोजींच्या शाळेत पावकी, दिडकी, औटकी मुखोद्गत करवीत. 'औट', म्हणजे साडेतीन, हा संस्कृत 'अर्धचतुर्थ'पासून प्राकृतद्वारा आलेला शब्द. एल्फिन्स्टन संस्थेत इंग्रजीतून गणित शिकविणारे बाळशास्त्री जांभेकर (मृत्यू १८४६) याच जिल्ह्यातील पोंभुर्ल्याचे. 'शून्यलब्धिगणित' मात्र त्यांनी मराठीत लिहिले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात उच्च गणित इंग्रजीतच राहिले.