परांचीवरचा माणूस कुणाचा?

परांचीवरून माणूस पडला की लातूर काय आणि मुंबई काय, पहिलं वाक्य ठरलेलं : "त्यो आमचा न्हाई, ठेकेदाराचा हाय." ठेकेदार म्हणतो, मुकादमाचा. मुकादमानं तर सकाळी नाक्यावरून आणलेला. त्याला धड नावही ठाऊक नसतं. माणूस कुणाचा, हे मी जुन्या कायद्यांत शोधलं. उत्तर शंभर वर्षांमागंच लिहून ठेवलेलं आहे.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. त्याचं कलम १२ सांगत होतं : मालकानं आपल्या धंद्यातलं काम ठेक्यानं दिलं तरी मजूर भरपाई थेट मूळ मालकाकडून मागू शकतो. मालकानं ती भरावी, मग ठेकेदाराकडून वसूल करीत बसावं. पण हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला तो तेव्हा आला नाही.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला बाबासाहेबांनी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांना दोन शत्रू दाखवले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ठेक्याच्या उतरंडीत दोन्ही एकत्र नांदतात. कंपनी, ठेकेदार, उपठेकेदार, मुकादम, आणि तळाला डोक्यावर घमेलं घेऊन चढणारा भूमिहीन. नफा वर चढतो, दोष खाली उतरतो.

१९९६ साली बांधकाम मजुरांसाठी वेगळा कायदा झाला. ठेकेदारानं भरपाई बुडवली तर मालकानं द्यावी, हे त्यातही होतं. पण अपघात टाळायचा कुणी? कलम ४४ नं देखरेख मालकावर टाकली, आणि व्याख्येनं ठेकेदारालाही 'मालक' केलं. झालं! कंपनी बोट दाखवायला मोकळी.

आता साधा विचार करा. मजुराला पट्टा दिला, पण त्याचा हूक अडकवायचा कशाला? भक्कम आधार, जाळी, कठडा हे मुकादमाच्या हातात नसतं. आराखडा, पैसा आणि कामाची मुदत ज्याच्या हातात, त्यानंच ते करायचं असतं.

१ ऑगस्ट २०२३ ला शहापूरजवळ सरळांबे इथं समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर आणि लाँचर कोसळला. वीस माणसं मेली. रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाचा. सुरुवातीचा गुन्हा मात्र दोन उपठेकेदार कंपन्यांवर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कायदे जाऊन श्रमसंहिता आल्या. मूळ मालकानं भरपाई देण्याचं बंधन सामाजिक सुरक्षा संहितेत कायम आहे. पण मजूर त्या कामावर होता, हे सिद्ध कशानं करणार? हजेरीत नाव नाही, हातात चिठ्ठी नाही.

म्हणून वस्तीतल्या पोरांनी आजच कामाला लागावं. कामावर जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, जागा, तारीख, मुकादम वहीत लिहा. जागेवरच्या फलकाचा फोटो काढा. सोबतच्या मजुरांची नावं ठेवा. आणि भरपाईच्या अर्जात मुकादमावर थांबू नका. पहिलं नाव मूळ मालकाचं घाला.