संगिनींच्या छायेंतील सुधारणा

परकीय सैन्याच्या बळावर एखाद्या देशांत लोकसत्तेचें बीज रुजवितां येतें काय? या प्रश्नाची परीक्षा स्पेन देशांत पंधरा वर्षांत दोनदां झाली.

इ. स. १८०८ मध्यें नेपोलियननें बायोन येथें चौथा चार्ल्स व त्याचा पुत्र फर्डिनंड या दोघांकडूनहि स्पेनच्या गादीवरील हक्क सोडवून घेतला आणि तेथें आपला बंधु जोसेफ यास बसविलें. पाठोपाठ राज्यघटना आली. डिसेंबरांत सरंजामी हक्क नष्ट झाले. ज्याच्या पोर्तुगीज भावंडानें गोमंतकास पोळलें, तें 'इन्क्विझिशन' नांवाचें धर्मन्यायासनहि मोडलें. विचारी स्पॅनिश पुरुषांना या सुधारणा इष्टच वाटत होत्या. परंतु २ मे रोजींच माद्रिदचे नागरिक उठले होते. सनद वाचण्यापूर्वीं लोकांची दृष्टि ती देणाऱ्याच्या तरवारीकडे गेली, आणि जोसेफची चाकरी पत्करणारे सुधारक 'फ्रेंचाळलेले' ठरले.

उलटपक्षीं, फ्रेंच वेढ्यांतील कादिझ बंदरांत जमलेल्या प्रतिनिधींनीं १९ मार्च १८१२ रोजीं स्वतःची घटना जाहीर केली व सार्वभौमत्व राष्ट्राचें आहे असें तींत नमूद केलें. दुर्दैव असें कीं, फ्रेंचांशीं झगडतां झगडतां केलेल्या या घटनेवरहि विरोधकांनीं फ्रेंच पाखंडाचाच शिक्का मारला. १८१४ त परतलेल्या फर्डिनंडनें ती रद्द केली. १८२० त लष्करी उठावानें ती पुन्हां जिवंत झाली. तेव्हां १८२३ त फ्रेंच सैन्य पुन्हां आलें, पण या वेळीं राजाची अनियंत्रित सत्ता परत देण्याकरितां! तोफा त्याच देशाच्या. कार्य मात्र अगदीं उलट.

येथें कोणी जपानचा दाखला देईल. अमेरिकन लष्करी अंमलाखालीं झालेली व १९४७ त अंमलांत आलेली तेथील घटना आजवर एका अक्षरानेंहि बदललेली नाहीं, हें खरें. परंतु जपानांत १८९० पासून संसद होती. १९२५ त पंचवीस वर्षांवरील पुरुषांना मताधिकारहि मिळाला होता. परकीयांनीं तेथें विझूं पाहणारी चूल फुंकली. लांकडें घरचींच होतीं.

तात्पर्य, परकीय सैन्य जुलमी राजास हांकलूं शकेल, चांगला कायदाहि लिहूं शकेल; पण हा कायदा आमचा आहे, तो आम्हींच राखला पाहिजे, ही वृत्ति त्याला देतां येत नाहीं. आणि तें निघून गेल्यावर त्याच्या सुधारणांचें ऋण फेडावें लागतें, तें देशांतील प्रामाणिक सुधारकांनाच.