बालेकिल्ल्याची गोष्ट

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा आमच्या चिटणीसबाईंचा दर वर्षी आग्रह असतो आणि दर वर्षी मी एखादी पाककृती देऊन सुटका करून घेते. यंदा मात्र मला लिहिणे भागच आहे. कारण माझ्याकडून एक चूक झाली आहे आणि ती निस्तरायची तर चारचौघींत झालेली चूक चारचौघींतच कबूल केली पाहिजे.

आपली पुरंदरची सहल भगिनींना आठवत असेल. माचीवर पुरंदरेश्वराच्या देवळापाशी आपण डबे सोडले होते. कुणाच्या तरी धाकट्या मुलीने वर बोट दाखवून विचारले, "आजी, त्याला बालेकिल्ला का म्हणतात?" मी ताबडतोब सांगून टाकले, "अगं, बाले म्हणजे बाळ. मोठ्या किल्ल्याच्या पोटातला छोटा, बाळकिल्ला." मुलीने लगेच पुढचा प्रश्न टाकला, "म्हणजे लढाईत बाळांना आणि बायकांना तिथे ठेवायचे?" मी मान डोलावली. सगळ्याजणींना ते उत्तर फार आवडले आणि मीही स्वतःवर खूश होऊन दुसरी पोळी घेतली.

घरी आल्यावर सहज म्हणून शब्दकोश उघडला आणि कपाळाला हात लावला. बालेकिल्ल्यातल्या 'बाले'चा बाळाशी काडीचा संबंध नाही. तो फारसी 'बाला', म्हणजे वर, उंच. 'किल्ला' हा शब्द मुळात अरबीतला. तेव्हा बालेकिल्ला म्हणजे वरचा किल्ला, एवढाच सरळ अर्थ. गोवळकोंड्याच्या माथ्यावरच्या भागाला बालाहिसार म्हणतात आणि काबूलच्या जुन्या किल्ल्याचेही नाव तेच. हिसार म्हणजेही किल्लाच. घाटावरच्या मुलखाला बालाघाट म्हणतात, तोही याच नात्यातला.

गंमत पुढेच आहे. हा 'बाला' आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन बसला आहे आणि आपल्याला पत्ता नाही. "मला न विचारता बालाबाला ठरवून टाकले!" असे आपण घरातल्या माणसांवर रागावतो ना? ते बालाबाला म्हणजे वरच्या वर, डोक्यावरून, मधल्या माणसाला वगळून. पुरंदरचा माथा आणि आपला रुसवा एकाच शब्दाने बोलतात, याची मला मोठी मौज वाटली.

राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कारभारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आणि दुर्गांसाठी तर एक वेगळा वर्गच केला. तरीही बालेकिल्ला लोकांच्या तोंडून गेला नाही. गड, कोट, माची, मेट यांच्या पंगतीला तो असा बसला आहे की त्याला परका म्हणायला जीभ धजत नाही. मला विचाराल तर त्याने इथेच राहावे.

माझी चूक अगदीच वाया गेली नाही, हेही जाता जाता सांगते. इंग्रजीत बालेकिल्ल्याला सिटाडेल म्हणतात. तो शब्द इटालियन भाषेतून आला आणि तिथे त्याचा अर्थ लहानसे शहर, म्हणजे माझ्या 'बाळकिल्ल्या'चाच भाऊ! ग्रीक लोकांनी मात्र आपल्यासारखाच विचार केला. अथेन्सचे अक्रोपोलिस म्हणजे उंचावरचे नगर. कुणी आकार पाहिला, कुणी उंची पाहिली.

पण नावात उंची का आली, हे पुरंदरासारखे दुसरीकडे कळत नाही. डोंगरी किल्ल्याची रचना उतरंडीसारखी. खाली वाटांवर पहाऱ्याची मेटे, मग डोंगराच्या खांद्यावर सपाट माची आणि तिचा तट, आणि त्याच्याही वर कड्यांनी उचलून धरलेला बालेकिल्ला. शत्रूने माची घेतली म्हणजे किल्ला घेतला असे होत नाही. त्याला पुन्हा पहिल्यापासून चढावे लागते, आणि आता वरून दगड येत असतात.

१६६५ साली हेच घडले. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदराला वेढा घालून बसले. शेजारचा वज्रगड १४ एप्रिलला पडला. तिथून पुरंदरच्या माचीवर तोफांचा मारा करता येऊ लागला. मुरारबाजी देशपांड्यांनी निवडक माणसे घेऊन दिलेरखानाच्या फौजेवर झडप घातली आणि ते तिथेच पडले. त्यांच्या शौर्यावर खूश होऊन खानाने चाकरीत घेण्याची तयारी दाखवली होती आणि त्यांनी ती झिडकारली, ही कथा आपण शाळेत शिकलो आहोत. पुढे माचीच्या तटाचे पाच बुरूज मोगलांच्या हाती गेले. सरदार पडला, माची ढासळली, आणि तरीही वरची माणसे लढतच राहिली. जून महिन्यात महाराज स्वतः जयसिंगाच्या छावणीत गेले आणि तह झाला, तेव्हा कुठे किल्ला खाली करण्यात आला. तहात २३ किल्ले द्यावे लागले, १२ महाराजांकडे राहिले. त्या २३ मध्ये पुरंदरही होता. ज्या पुरंदरावर १६५७ साली संभाजीराजांचा जन्म झाला, तोच हा गड.

निवडणुका आल्या की वर्तमानपत्रांत रोज कुणाचा ना कुणाचा बालेकिल्ला ढासळत असतो. तो मथळा वाचला की आता मला हसू येते. पुरंदरच्या माणसांनी तो शब्द इतका स्वस्त केला नव्हता.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते, कारण मला खरी टोचणी आहे ती तिचीच. शब्दाचा अर्थ मी चुकीचा सांगितला. पण बायका-मुले कुठे होती, हा प्रश्न चुकीचा नव्हता. मुरारबाजींचे नाव आपल्याला पाठ आहे, दिलेरखानाचेही आहे. बायकांविषयी कुणी काही लिहून ठेवले आहे का, म्हणून मी शोधू लागले. जदुनाथ सरकारांनी मोगलांच्या कागदांवरून या वेढ्याची हकीकत लिहिली आहे. तीत किल्ला खाली झाला त्या दिवसाचा आकडा सापडला. सात हजार बायका-पुरुष गडावरून उतरले आणि त्यांतले लढणारे चार हजार.

मी त्या ओळीवर पुष्कळ वेळ थांबले. वजाबाकी कुणालाही येते. उरलेल्या तीन हजारांत वेढ्याच्या त्या उन्हाळ्यात, टाक्यांतले पाणी पुरवून पुरवून वापरणाऱ्या, जखमा बांधणाऱ्या, पोरांना तोफांच्या आवाजात निजवणाऱ्या बायका असणारच. त्यांच्यापैकी एकीचेही नाव त्या आकड्यापाशी नाही.

शब्दकोशात बालेकिल्ला शोधताना जवळच मला आणखी एक शब्द दिसला होता, बालपरवेशी. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना सरकारातून जी पोटगी मिळे, तिला मराठ्यांच्या कागदांत हे नाव आहे. यातला 'बाल' मात्र खरोखरीच आपला बाळ.

ती मुलगी आता सातवीत गेली आहे. परवा तिला बोलावून मी दोन्ही शब्द सांगितले, चूकही कबूल केली. तिने सारे नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे आजी, बायका-मुले वर होतीच की!" पुढच्या सहलीला दिल्ली दरवाज्यातून थेट केदारेश्वरापर्यंत चढायचे, असे तिने माझ्याकडून कबूल करून घेतले आहे. गेल्या वेळी गुडघ्यांचे निमित्त सांगून मी माचीवरच बसले होते. ज्या भगिनींना बरोबर यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव नोंदवावे.