सांबराचा हाका

राधानगरी-दाजीपूरचं रान ही कोल्हापूर संस्थानची शिकारीची राखीव जागा. तिथलं जनावर महाराजांचं. संस्थानची शिकार निघाली की खालच्या गावांतून हाकाऱ्यांना बोलावणं यायचं आणि माणसं निमूट जायची, असं आज्जा सांगायचा.

राखीव रानाच्या बाहेर मात्र गावची शिकार चालायची. सुगी उरकली, गवत वाळलं की वीस-पंचवीस गडी भाकरी, चटणी अन् घोंगडं घेऊन डोंगर चढायचे. मुक्काम धनगरवाड्याजवळ, शेकोटीभोवती. सांबर दिवसा अवघड घळीत बसतं, चरायला अंधार पडल्यावर निघतं. म्हणून तांबडं फुटताच जाणता माणूस खूर, ओल्या लेंड्या, शिंगं घासून सोललेली झाडाची साल बघत माग काढायचा. वारा जनावराकडनं आपल्याकडं येईल अशा बेतानं ठासणीच्या बंदुका खिंडीत बसवायच्या. मग खालनं हाका उठायचा. डबे, हलगी, आरोळ्या! बऱ्याचदा सांबर फळी फोडून मागंच पळायचं अन् माणसं रिकामी परतायची.

पडलंच तर खरी मेहनत पुढं. मोठा नर अडीचशे किलोच्या घरात भरतो. त्या कड्यातनं अख्खा कोण काढणार? तिथंच फोडून खांद्यावर आणायचा. बार टाकणाऱ्याला एक वाटा जादा, बाकी सगळ्यांना सारखा. ज्या घरात जाणता गडी नाही, त्या रांडमुंड बाईच्या घरीही वाटा पोचायचा. तो विसरला तर चावडीवर बोलणी बसायची.

स्वातंत्र्यानंतर शहरातल्या जिपा आल्या. रात्री झोतात डोळे दिपवून मारायचं, गाभण मादीही बघायची नाही. रान मुकं व्हायला लागलं. १९५८ साली दाजीपूर अभयारण्य झालं, १९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला. बंदी आली ते बरंच झालं. नाहीतर आज संध्याकाळी घळीतनं येणारा 'पोंक' आवाज नातवंडांना ऐकायलाच मिळाला नसता.

पण एक हिशेब तसाच राहिला. सांबर आधी महाराजांचं होतं, आता सरकारचं आहे. चरतं मात्र आमच्या भातात. पूर्वी नुकसान सोसणाऱ्याच्या चुलीवर कधीतरी त्याचा वाटा शिजायचा. आता पंचनामा होतो, भरपाईची वाट बघायची. तोवर माळ्यावर बसून राखण करायची ती शेतकऱ्यानंच.