रबरी धावेची गोष्ट

बैलगाडीची धाव झिजली की लोहार नवी तापवून चाकावर चढवतो. मोटारीची धाव रबराची, तिचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

बेलफास्टचे पशुवैद्य जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची रबरी धाव बसवली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. पण ती चाकाला चिकटवलेली असे. फ्रान्समध्ये एदुआर मिशलँ यांनी एका सायकलस्वाराची अशी धाव तासन्‌तास खपून दुरुस्त केली, रात्रभर वाळवली. ती लगेच पुन्हा बसली! म्हणून १८९१ साली मिशलँ बंधूंनी काढता-घालता येणारा टायर केला. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत त्यांची मोटार हवेच्या टायरांवर धावली. पंक्चरे पुष्कळ झाली, बक्षीस हुकले. पण मोटार हवेवर चालते, हे लोकांनी पाहिले.

वाटेतच दुरुस्त करता येऊ लागला, तेव्हा कुठे हा शोध सर्वांचा झाला.